जुन्या स्पोर्ट्स कारच्या केबिनमध्ये एवढं गरम का होतंय? शोध कुठून सुरू करावा?

उतार_वळण

मंडळी,

माझ्याकडे १९८०च्या दशकातली दोन दारांची कूपे आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, एसी मुळातच नाही. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांतच ‘पण हीच का घेतली’ सुरू होईल.

तक्रार अशी. इंजिन पुरतं तापलं की ड्रायव्हरच्या पायाशी बसवत नाही. ॲक्सिलरेटरवरचं पाऊल आणि टनेलला (दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा, खालून गिअरबॉक्स जातो) टेकणारी डावी पोटरी, दोन्ही भाजतात. पंखा बंद असूनही डॅशच्या मधल्या जाळीतून कोमट हवा येत राहते. टेंपरेचरचा काटा मात्र मधेच असतो, वर सरकत नाही. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे काच खाली केली की पायाशी आणखी गरम लागतं.

गॅरेजवाला म्हणतो, कार्पेट उचलू आणि सगळ्या तळाला इन्सुलेशन मारून टाकू. मला ते पटत नाही. उष्णता कुठून शिरते हे कळल्याशिवाय झाकाझाक करून काय उपयोग? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

निवांत_चालक

हिवाळ्यात विका, गिऱ्हाईक खूश होईल.

पाना_दहा_अकरा

वरच्या साहेबांकडे दुर्लक्ष करा. पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा.

एक, गरम हवा आत येतेय की पत्रा तापतोय? टिश्यू पेपरची बारीक पट्टी काडीला चिकटवा आणि कुणाला तरी गाडी चालवायला सांगून ती पेडलच्या मागे, गिअर लिव्हरच्या बुडाशी, स्टिअरिंगचा दांडा जिथे फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) जातो तिथे धरा. पट्टी हलली तर हवा आहे. हलत नाही पण हात ठेववत नाही, तर पत्रा. दोघांचे उपाय वेगळे.

दोन, कधी जास्त होतं? सिग्नलला उभं असताना, हायवेला, की गाडी बंद केल्यावर? उभं असताना वाढत असेल तर एक्झॉस्टची धग. वेगात वाढत असेल तर कुठल्या तरी भोकातून हवा ढकलली जातेय किंवा ओढली जातेय.

रात्रपाळी

आणि तीन, एकदा सूर्य मावळल्यावर चालवून बघा. त्या काळातल्या कूपेंची मागची काच पसरट आणि तिरकी असते, डॅश काळा, सीट काळ्या. निम्मी तक्रार उन्हाची निघू शकते. रात्रीही तेवढंच भाजत असेल तर मग यंत्राकडे वळा.

कार्बुरेटर_काकू

जाळीतून पंखा बंद असताना कोमट हवा, हे वाचल्याबरोबर माझा संशय हीटर कॉकवर.

डॅशच्या आत हीटर कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनचं कूलंट त्यात जाऊ द्यायचं की नाही ते हीटर कॉक ठरवतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, म्हणजे कॉक नीट बंद होत नसेल तर ऐंशीच्या पुढचं पाणी कायम तुमच्या गुडघ्यापुढे फिरतंय. जुन्या गाड्यांत कॉकची केबल लांबते, क्लिपमधून निसटते, किंवा आतलं सील गळतं. नॉब ‘थंड’वर, कॉक अर्धा उघडा. काही गाड्यांत कॉक व्हॅक्यूमवर चालतो. पोर्श ९४४ मध्ये व्हॅक्यूम मिळाला की तो बंद होतो, म्हणजे व्हॅक्यूमची नळी तडकली की हीटर आपोआप चालू. तिथे नॉब कितीही फिरवा, काही होत नाही.

तपासणी सोपी. इंजिन पूर्ण गरम करा, नॉब थंडवर ठेवा, बॉनेट उघडून फायरवॉलमध्ये जाणाऱ्या दोन्ही होज पाइपांना जाड हातमोजा घालून हात लावा. कॉकच्या पुढचा पाइप गार असेल तर कॉक ठीक. दोन्ही सारखेच चटका देत असतील तर चोर सापडला.

खात्री करायची तर इंजिन थंड असताना दोन्ही पाइप हीटर कोअरवरून काढून एकमेकांना जोडा, म्हणजे कोअर वगळला जाईल. मग कूलंटची पातळी बघून, हवा काढून चालवा. पक्कडीने पाइप चिमटून बंद करायची आयडिया बरेच जण देतात. चाळीस वर्षांचं रबर असेल तर ते तिथेच फाटेल. आणि गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू नका, हे लिहायला नको, तरी लिहिते.

डॅम्पर_दादा

एवढी डोकेफोड कशाला? बाजारात ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या काळ्या चिकट शीट मिळतात. पूर्ण तळाला, फायरवॉलला मारा. मी मारल्यात. गाडी गप्प, दार लावलं की काय भारदस्त आवाज येतो. विषय संपला.

पाना_दहा_अकरा

दादा, आवाज कमी होणारच, त्या शीट आवाजासाठीच असतात. ब्युटाइल रबर पत्र्याची थरथर खातं. उष्णता अडवायला तो थर फार पातळ आहे, आणि वरचा चमकता मुलामा कार्पेटखाली दाबला गेला की त्याचा परावर्तनाचा गुण गेला. चमकत्या पृष्ठभागासमोर हवेची फट लागते. फट नसेल तर तो नुसता धातूचा कागद, आणि धातू उष्णता पोचवतो.

डॅम्पर_दादा

मला फरक जाणवला बुवा.

पाना_दहा_अकरा

कार्पेट काढताना गिअर लिव्हरचं फाटकं रबर बूट बदललं होतं का?

डॅम्पर_दादा

...बदललं होतं.

निवांत_चालक

😂 केस क्लोज्ड.

उतार_वळण

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

काकूंचा संशय खरा ठरला. नॉब थंडवर असताना दोन्ही पाइप सारखेच गरम. केबल ठीक होती, लिव्हर शेवटपर्यंत जात होता, पण कॉक आतूनच गळतोय. कोअर वगळून चालवली. मधल्या जाळीतली कोमट हवा जवळजवळ गेली.

पण पायाशी? थोडाच फरक. रात्री चालवली तरी तेच. टिश्यूची पट्टी पेडलच्या मागे हलते, आणि काच खाली केली की चांगलीच फडफडते. काच उघडल्यावर गरम वाढतं हा भ्रम नाही तर!

शंकासूर

हे मला पटत नाही. काच उघडल्यावर बाहेरची गार हवा येणार. गरम कसं वाढेल?

वायुगतीवाला

अगदी वाढेल. गाडी पळत असताना खिडकीच्या कडेने हवा वेगाने मागे जाते आणि तिथे दाब कमी असतो. काच उघडली की केबिनमधली हवा बाहेर ओढली जाते. ती भरून काढायला हवा कुठून तरी आत यायला हवी. दुसऱ्या बाजूला बॉनेटखाली काय चाललंय बघा: पुढून ग्रिलमधून हवा घुसते, रेडिएटरमधून तापून येते, बाहेर पडायला वाट अपुरी, म्हणजे तिथे दाब जास्त. जास्त दाबाची गरम हवा आणि कमी दाबाची केबिन यांच्यामध्ये फक्त फायरवॉल. त्यात जेवढी भोकं, तेवढी हवा पायाशी.

छप्पर उघडणाऱ्या गाड्यांतही हेच होतं. डोक्याला वारा, पाय उकडलेले. म्हणून ‘काच उघडल्यावर वाढतं’ हे लक्षण फार उपयोगी आहे, धागाकर्त्याने ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं हे बरं झालं. पत्रा तापत असता तर काच उघडल्यावर बरं वाटलं असतं.

उलट चाचणी पण करा. काचा बंद, ताज्या हवेचा झडपा उघडा, पंखा फुल. केबिनमध्ये दाब थोडा वाढेल आणि पायाशी येणारी गरम हवा कमी होईल. कोअर आत्ता वगळलेलाच आहे, त्यामुळे निकाल स्वच्छ मिळेल.

शंकासूर

ओके, माझी शंका फिटली. असं वारंवार होत नाही, नोंद घ्यावी.

सावध_प्रवासी

थांबा. भोकांवर चर्चा चाललीय पण महत्त्वाची गोष्ट राहतेय. बॉनेटखालची हवा आत येत असेल तर तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही (सीओ, विषारी वायू) येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. ‘पेट्रोलचा किंवा धुराचा वास येत नाही, म्हणजे ठीक’ हा हिशोब इथे चालत नाही. गाडी चालवून उतरल्यावर डोकं जड होणं, मळमळ, अकारण झोप असं काही होतं का? होत असेल तर आधी ते.

गाडी पूर्ण थंड असताना चालू करा आणि मॅनिफोल्डजवळ (इंजिनला एक्झॉस्ट जिथे जोडतो तो भाग) कान द्या. गास्केट (त्या जोडातलं सील) फुंकत असेल तर टिकटिक ऐकू येते, गरम झाल्यावर धातू प्रसरण पावून कधीकधी ती थांबते. जोडाशी काजळीचे काळे फराटे दिसतात. शिवाय बॅटरीवरचा सीओ अलार्म डॅशवर ठेवून चालवा. फार तर निष्पन्न काही होणार नाही.

कार्बुरेटर_काकू

+१. आणि एअर-कूल्ड गाडीवाल्यांनी तर हे वाचाच. जुन्या पोर्श ९११ ला आणि बीटलला कूलंटच नाही, त्यामुळे एक्झॉस्टच्या पाइपभोवती खोळ घालून त्यातली तापलेली हवा केबिनमध्ये सोडतात. आतला पाइप गंजून भोक पडलं तर धूर हीटरमधूनच नाकाशी. आणि ती हवा अडवणारे झडपे गंजून उघडे अडकले की उन्हाळ्यातही हीटर चालूच.

मधलं_इंजिन

आमचं दुःखही नोंदवतो. इंजिन पाठीमागे आणि रेडिएटर पुढे असलेल्या गाड्यांत (पहिली टोयोटा एमआर-२, फियाट एक्स-वन-नाइन वगैरे) गरम पाण्याचे पाइप पुढून मागे गाडीच्या पोटाखालून जातात. म्हणजे इंजिन कितीही लांब असो, ऐंशी अंशांचं पाणी दोन सीटच्या मधून येजा करतंय. पाठ पण शेकते, कोपर पण.

निवांत_चालक

आणि एसी कोब्रा! नावात एसी, पायाशी व्ही-८ इंजिनचे हेडर (एक्झॉस्टचे पाइप).

पाना_दहा_अकरा

धागा भरकटायच्या आत: उतार_वळण, टॉर्चची चाचणी करा. रात्री किंवा अंधाऱ्या गॅरेजात एकाने बॉनेटखाली जोरदार टॉर्च फायरवॉलवर फिरवायचा, दुसऱ्याने ड्रायव्हरच्या पायाशी उताणं पडून डॅशखाली बघायचं. कार्पेट आणि फायरवॉलवरची गादी शक्य तेवढी बाजूला करा. उजेड दिसेल तिथून हवाही येणार. ॲक्सिलरेटर केबल, क्लच, स्टिअरिंगचा दांडा, वायरिंगचा जाड जुडगा आणि मागच्या मालकाने स्पीकर-ॲम्प्लिफायरची वायर ओढायला पाडलेलं भोक, या ठिकाणी खास बघा. हे शेवटचं जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत असतं.

एक सूचना. फायरवॉलवरची मूळ गादी भुसभुशीत, तंतूदार असेल तर ती खरवडू नका. जुन्या काही गाड्यांत तिथे ॲस्बेस्टॉस वापरलेलं असे. शंका असेल तर तपासून घ्या, कोरडी घासून धूळ उडवू नका.

उतार_वळण

केली चाचणी. मुलगी बॉनेटखाली टॉर्च घेऊन, मी खाली उलटा, मान अजून दुखतेय.

स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचं रबर एका बाजूने फाटलंय, चंद्रकोरीएवढी फट. क्लच पेडलच्या वर एक गोल भोक, बोट सहज जाईल असं, आतून वायर वगैरे काहीच नाही. आणि गिअर लिव्हरच्या खालचं रबर बूट तर नावाला उरलंय. वरचं चामड्याचं कव्हर छान असल्यामुळे कधी कळलंच नाही.

गास्केट फुंकत नाहीये, काजळी नाही. सीओ अलार्म मागवलाय.

वायुगतीवाला

गिअरचं खालचं बूट म्हणजे टनेलमधली सगळी हवा सरळ केबिनमध्ये. टनेलमध्ये गिअरबॉक्स, शेजारून एक्झॉस्ट. डावी पोटरी का भाजते ते कळलं.

एक प्रश्न. बॉनेटच्या मागच्या कडेला, काचेच्या बाजूला, रबरी पट्टी आहे का? आणि बिजागरीखाली वायसर घालून बॉनेट मागून उचललेलं नाही ना?

उतार_वळण

बघून सांगतो. तसं असेल तर चांगलंच ना? गरम हवा मागून निघून जाईल.

वायुगतीवाला

सगळ्यांना तसंच वाटतं. पण पुढच्या काचेच्या बुडाशी हवा येऊन आपटते, तिथे दाब जास्त असतो. म्हणूनच कंपन्या ताज्या हवेची जाळी नेमकी तिथे देतात. बॉनेट मागून उचललं की वेगात हवा तिथून बाहेर पडण्याऐवजी आत शिरायला बघते, आणि गाडी उभी असली की इंजिनची गरम हवा वर येऊन थेट त्या जाळीत जाते. म्हणजे ‘ताजी हवा’ म्हणून तुम्ही इंजिनचीच हवा केबिनमध्ये घेता.

उतार_वळण

तुम्ही ज्योतिषी आहात का? पट्टी नाही, नुसते क्लिपचे खड्डे आहेत. आणि दोन्ही बिजागऱ्यांखाली दोन-दोन वायसर.

रेस_डे

वायसरवाल्यांच्या बाजूने थोडं बोलतो. ट्रॅकवर लोक हे करतात कारण लॅप संपवून आलेली गाडी पिटमध्ये उभी असताना गरमी पटकन निघते. तिथे केबिनची पर्वा कोण करतो. रोजच्या गाडीला हे नको, सहमत.

एक्झॉस्टला कापडी पट्टी (रॅप) गुंडाळलीत का कुणी? बॉनेटखालचं तापमान खरंच उतरतं.

जुनाट_पण_झकास

उतरतं, पण पट्टी पाणी धरून ठेवते आणि साध्या लोखंडी पाइपला आतून गंज खातो. वर गुंडाळलेलं असल्यामुळे भोक पडेपर्यंत दिसत नाही. शिवाय आतली उष्णता कोंडल्यामुळे पातळ हेडर तडकतात. सिरॅमिक कोटिंग महाग पण बरं. त्याहून आधी कंपनीने दिलेली पत्र्याची शील्ड जागेवर आहे का ते पाहावं. सायलेन्सर बदलताना मेकॅनिकला ती आड येते, बोल्ट गंजलेले असतात, मग तो ती काढून कोपऱ्यात टाकतो आणि परत लावत नाही.

शील्ड म्हणजे नुसता पत्रा वाटतो, पण काम मोठं. तापलेल्या धातूची धग निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. २५० अंशांच्या पाइपापेक्षा ५०० अंशांचा पाइप दुप्पट नाही, पावणेपाच पट जवळपास धग टाकतो. मधे एक चमकता पत्रा, दोन्ही बाजूंना बोटभर हवा, एवढ्याने त्यातली बरीचशी अडते.

शंकासूर

चौथा घात! शाळा सुटली, पाटी फुटली, हे भूत सुटलं नाही.

पाना_दहा_अकरा

जुनाट यांच्याशी सहमत. गाडी वर घेऊन बघा, फक्त जॅकवर नको, स्टँड लावूनच. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर टनेलच्या आतल्या बाजूने पुढून मागे रीडिंग घ्या, कुठे उडी मारतं ते कळेल. मात्र चमकत्या ॲल्युमिनियमवर तो बंदुकीसारखा रोखून आकडा वाचू नका. चमकता धातू स्वतःची धग कमी फेकतो, त्यामुळे रीडिंग खोटं कमी येतं. मोजायच्या जागेवर उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि त्यावर मोजा.

आणि टायमिंग तपासलंत का? इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडलं असेल तर जळणं उशिरा संपतं आणि एक्झॉस्ट जास्त तापतो, काटा मात्र मधेच राहतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल आणि इंजिन मिस मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालबुंद होतो. अशी गाडी वाळक्या गवतावर उभी करू नये.

डॅम्पर_दादा

फायरवॉलच्या भोकात पीयू फोम मारला तर? स्प्रेचा डबा पडलाय घरी.

सावध_प्रवासी

नको!! तो फोम पेटतो. फायरवॉल हे नाव उगाच नाही. मापाचा रबर ग्रोमेट, रिकाम्या भोकाला धातूची चकती आणि आग सोसणारा सीलंट. आणि जोशात काचेखालच्या खोबणीतली पाणी निघायची भोकं बुजवू नका, ती मुद्दाम दिलेली असतात. ती बुजली की पावसाचं पाणी कार्पेटमध्ये.

उतार_वळण

बरेच दिवस गायब होतो, सुटे भाग मिळवण्यात वेळ गेला.

गिअरचं खालचं बूट आणि स्टिअरिंगचं रबर नवीन. क्लचवरचं भोक चकतीने बंद. वायसर काढले, बॉनेटची पट्टी दुसऱ्या मॉडेलची कापून बसवली. नवीन हीटर कॉक लावला, कोअर परत जोडला. टायमिंग खरंच मागे होतं, नीट केलं. आणि जुनाट यांचा अंदाज बरोबर, टनेलखाली शील्डच्या चार टोकांपैकी तीन बोल्ट नव्हते, पत्रा लोंबत एक्झॉस्टला टेकला होता. म्हणजे तो अडवण्याऐवजी उष्णता पोचवतच होता.

टनेलचा पत्रा आतून, कार्पेट उचलून, काळ्या ठिपक्यावर मोजला होता तेव्हा ७१ अंश होता. आता त्याच रस्त्यावर, साधारण तशाच हवेत, ४६. काच उघडल्यावर पट्टी हलत नाही. सीओ अलार्म शून्यावर. इन्सुलेशनची एकही शीट लावलेली नाही, दादा रागावू नका.

एक राहिलंय. गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत बसलो की पायाशी ऊब जाणवते, चालताना नसते. हे काय?

कार्बुरेटर_काकू

ते राहणार. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, कूलंट फिरत नाही, पंखा नसेल तर हवाही नाही. ब्लॉक आणि मॅनिफोल्डमधली साठलेली उष्णता बॉनेटखाली पसरते, काही वेळ तिथलं तापमान चालतानापेक्षा जास्त असतं. कार्बुरेटरवाल्या गाड्या गरम असताना परत चालू व्हायला त्रास देतात तेही यामुळेच. गॅरेजात उभी करत असाल तर थोडा वेळ बॉनेट उघडं ठेवा. आता हवं तर टनेलच्या पत्र्याला बंद पेशींचा फोम लावा, दादांच्याही मनासारखं होईल. फक्त पाणी शोषणारं नमदं वापरू नका, खाली गंज लागतो.

डॅम्पर_दादा

शेवटी माझंच खरं.

नवा_मेंबर_०७

नमस्कार, उपयुक्त धागा. माझ्या गाडीचं इंजिन मागे आहे, एअर-कूल्ड, आणि हीटरचा लिव्हर खाली असूनही सीटच्या बाजूने गरम हवा येते, किंचित वास पण येतो. हाच कॉक तपासू का?

कार्बुरेटर_काकू

तुमच्या गाडीला कॉक नाही. वास येतोय म्हणजे आधी गाडी चालवणं थांबवा, वर घेऊन एक्झॉस्टभोवतीच्या खोळी तपासून घ्या. आणि फोटोंसकट वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.